ओटीचा रकाना

क्रांती शिंगेला कुणी विचारलं, "तुम्ही काम काय करता हो?" तर ती म्हणायची, "रकाने पाडते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई छापखान्यात असणार. तिची आई मात्र हातकणंगल्यात शेजारणींना सांगायची, "आमची क्रांती कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंच्यात कॉम्प्युटरवर असती," आणि 'कॉम्प्युटरवर' असं म्हणायची की लेक रोज घोड्यावर बसून फिरते असंच कुणालाही वाटावं.

खरं काम या दोन्हींच्या मधलं होतं. शाहूपुरीत लाकडी जिन्याच्या एका इमारतीत खाली डॉ. ललिता सरनोबत यांचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर रक्ताच्या आजारांचं त्यांचं लहानसं संशोधन केंद्र. काही मुलांचं रक्त लवकर थांबतच नाही. नुसतं ठेचकाळलं तरी गुडघा भोपळ्यासारखा फुगतो, दुधाचा दात पडला तरी घर घाबरून जातं. या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. अशा मुलांची घरं शोधायची आणि आजार त्या घराण्यात कुठून कुठं चाललाय ते मांडायचं, हा डॉक्टरीणबाईंचा ध्यास. गावागावांतून गोळा झालेली ही माहिती कॉम्प्युटरात ठेवायची कशी, कुठली गोष्ट कुठल्या खणात, कुठला खण कुणाला जोडायचा, आणि एखाद्या आजीबाईनं सांगितलेला शब्द डॉक्टरी भाषेत कुणाच्या शेजारी बसवायचा, हे ठरवणं क्रांतीचं काम. १९९६ साली ती तिथं आली तेव्हा तिच्याकडं स्टॅटिस्टिक्सची पदवी होती, राजारामपुरीतल्या एका क्लासचा डिप्लोमा होता, साखर कारखान्यात ऊसबिलं टायपून आलेला कंटाळा होता आणि स्वभाव होता.

त्या स्वभावाबद्दल सांगायलाच हवं. तिला अर्धवट काही खपायचं नाही. खानावळीच्या फळ्यावर 'आजची भाजी' असं लिहून पुढं काहीच नसलं, की ती मालकाला विचारायची, "रिकामं ठेवायचं हुतं तर लिवलं कशाला?" लग्नपत्रिका हातात आली की आधी निमंत्रकांची नावं वाचायची आणि कोण कुणाचा कोण ते लागेना, की पत्रिका देणाऱ्यालाच उभं धरायची. बिचारा पाणीसुद्धा न पिता सटकायचा.

तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. तिला शाळेत घालताना त्यांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायला सांगितलं, तर कारकुनानं "आमच्या छापील यादीत आसलं काय न्हाय" म्हणून पेन खाली ठेवलं. वडील भांडले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मधली सुट्टी झाली, पोरं पुन्हा वर्गात गेली, कारकुनानं डबा खाल्ला, वडील उभेच. शेवटी त्यानं लिहिलं. परतताना वडील लेकीला म्हणाले, "रकाना नसला तर पाडायला लावायचा." हे वाक्य क्रांतीनं तेव्हापासून उराशी धरलं वगैरे म्हणायला बरं वाटतं, पण त्या दिवशीचं तिला स्वतःला एवढंच आठवायचं, की भूक फार लागली होती. वाक्य पाठ झालं ते आईनं पुढं उठता-बसता सांगितल्यामुळं.

केंद्रात आधी परदेशाहून आणलेला एक तयार प्रोग्रॅम होता. तो वंशावळ काढून द्यायचा. वर आईबाप, खाली मुलं, त्यांच्याखाली त्यांची मुलं, असं झाड नीट पसरत जाणार अशी त्याची समजूत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पहिल्याच घराण्यापुढं त्यानं हात टेकले. इथं आत्या तीच सासू, मामाची पोरगी तीच बायको. सीमेकडच्या गावात तर मामाच नवरा. फांद्या फिरून बुंध्यातच शिरलेल्या. प्रोग्रॅम 'हे शक्य नाही' असं इंग्रजीत सांगायचा आणि बंद पडायचा. क्रांती म्हणाली, "त्याला म्हणावं लग्नाला या, जेवा, आन् बगून जावा."

मग तिनं स्वतःचा बांधला. तिची मांडणी साधी होती. प्रत्येक माणसाला एक नंबर. त्याच्यापुढं त्याच्या आईचा नंबर आणि बापाचा नंबर. बाकी आत्या, मामी, साडू, व्याही, ही सगळी नाती कॉम्प्युटरनं आपली आपण त्यावरून काढायची. माणूस एकदाच लिहायचा, मग तो कितीही जणांचा कितीही काही लागो. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि चहा सांगितला. त्यांच्यात तो मोठा सन्मान होता.

आजारांच्या शब्दांचं घोडं मात्र बरेच दिवस अडलं. गावोगाव फिरून माहिती आणणारा गुंडू, केंद्राचा एकुलता एक फिरता कर्मचारी, आपल्या राजदूत फटफटीवरून असे शब्द आणायचा की डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावायच्या. गुडघ्यात वारं भरलं. हाडाला सूज लागली. अंगावर निळं उठतंय. क्रांती त्यातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा ठेवायची आणि शेजारी डॉक्टरी नाव जोडायची, म्हणजे गावाचा शब्दही राहायचा आणि संशोधनाचंही काम व्हायचं. एकदा 'बाहेरचं हाय' या उत्तरावरून दोघींची चांगलीच जुंपली.

"हा आजार नाही, क्रांती. काढून टाक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आजार न्हाय ते मलाबी कळतंय, मॅडम. पण त्यापायी त्यांनी पोरगं देवऋष्याकडं नेलं आणि आपल्याकडं यायला पावसाळा उलटला. उशीर कशानं झाला हे आपल्याला पायजे की नको?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. 'बाहेरचं' हा शब्द उपचाराला उशीर होण्याच्या कारणांत जाऊन बसला आणि तिथंच राहिला.

एवढ्या हुशार बाईच्या हातून चूक झाली ती आईच्या रकान्यात. बापाचा रकाना रिकामा ठेवायची तिनं परवानगी दिली होती, आईचा नाही. तो भरल्याशिवाय नोंद पुढं सरकायचीच नाही. "बाप एक येळ ठावं नसंल," ती गुंडूला ठणकावून सांगायची, "आई कशी ठावं नसंल?" आणि आई एकच. दुसरी लिहायला जागाच नव्हती.

दुसरी भानगड जन्मतारखांची. तिनं जिल्ह्यातल्या नोंदी पहिल्यांदा तारखेनं लावून बघितल्या तेव्हा तिला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला. मग आठवलं, आपलीही तारीख एक जूनच की. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराकडं एकदा बघायचे, डोक्यावरून हात वळवून कान धरता येतो का ते तपासायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. तर एकाच आईची दोन मुलं एकाच तारखेची आली, की क्रांतीचा प्रोग्रॅम विचारायचा, 'जुळी आहेत का?' आणि गुंडू, ज्याला उन्हातून आल्यावर फक्त पंखा आणि पाणी हवं असायचं, तो 'होय' दाबायचा.

गारगोटीच्या पुढच्या एका गावातलं पिराजी आणि चिमणाबाईचं घर असंच नोंदलं गेलं. पोरगा अमरसिंह, पोरगी अक्षता. दोघं जुळी. अमरला हिमोफिलिया.

आता हा आजार चालतो कसा, ते थोडक्यात सांगायला हवं. तो बाईच्या रक्तातून येतो आणि मुलाच्या अंगावर फुटतो. बाई स्वतः बहुतेक धडधाकट असते. तिच्या मुलाला तो होऊ शकतो. मुलगी झाली तर तीही आईसारखीच, न दिसणारा वारसा घेऊन सासरी जाऊ शकते. म्हणून आजारी मुलाच्या सख्ख्या बहिणीच्या नावापुढं क्रांतीचा प्रोग्रॅम एक चांदणी छापायचा. चांदणी म्हणजे, या मुलीला लग्नाआधी बोलावून नीट समजावून सांगा. हेतू चांगला होता. अशा एखाद्या अजाण पोरीचं पहिलंच बाळ हातातून जाताना डॉक्टरीणबाईंनी बघितलं होतं.

दोन हजार सालच्या सुरुवातीला अक्षताच्या नावाचं पाकीट घेऊन गुंडू त्या घरी गेला. बंद पाकीट द्यायचं आणि दवाखान्यात या म्हणायचं, एवढंच त्याचं काम. पण चिमणाबाईला वाचता येत नव्हतं, आणि गुंडूचा आवाज कुस्तीच्या मैदानात कॉमेंट्री करायच्या लायकीचा. त्यानं पाकीट फोडलं आणि सोप्यात उभं राहून चांदणीसकट वाचून दाखवलं. आत पाटावर मुलाकडची मंडळी बसली होती. हातकणंगल्याकडचं घर, पोरगा जयसिंग दूध संघात कामाला, देण्याघेण्याची यादी करून सुपारी फोडायलाच आली होती. गुंडूचं वाचून झालं तेव्हा सुपारी अडकित्त्यातच राहिली. मुलाचे वडील हंबीरराव शांतपणे म्हणाले, "पोरीत खोट काढत न्हाय आमी. पण त्या चांदणीचं काय ते डॉक्टरच्या सहीनं आणा, मग बघू." आणि मंडळी उठली.

चार दिवसांनी चिमणाबाई केंद्राचा जिना चढून वर आली. एकटीच आलेली, उंच, उन्हानं रापलेली बाई. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"चांदणी पाडणारी बाई तूच न्हवं?" तिनं क्रांतीला विचारलं.

"मीच, मावशी."

"पुसून टाक. माझ्या पोरीला काय न्हाय."

"तुम्हांला कसं ठावं?"

"ठावं हाय म्हंजी ठावं हाय."

असली उत्तरं क्रांतीच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ती समजुतीच्या सुरात नोंद वाचायला लागली. हे अमरचं, हे अक्षताचं, जुळी. तिथं चिमणाबाईनं तिला अडवलं.

"जुळी कोन म्हणलं? आक्षी मिरगाच्या तोंडाला झाली. आमर त्याच सालच्या दसऱ्याला."

क्रांतीनं बोटावर महिने मोजले. पुन्हा मोजले. एका आईच्या पोटी असं होत नाही, हे कळायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही. आणि जे डोक्यात आलं ते तोंडावाटे बाहेर पडायला तिच्याकडं कधीच वेळ लागत नसे. तिनं विचारून टाकलं, "म्हंजी अमर तुमच्या पोटचा न्हाय?"

चिमणाबाईचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "माझाच हाय," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. क्रांती तिच्या मागं धावत रस्त्यापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. स्वतःची तिला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

गुंडूनं मग गावात जाऊन चहाच्या टपरीवर कान दिले. परत आला तो मान खाली घालून. "अख्ख्या गावाला ठावं हाय, ताई. फकस्त आपल्या कॉम्प्युटरला न्हाय," तो म्हणाला. अमर जावेचा पोरगा. जाऊ शालू निपाणीकडची. बाळंतपणात गेली, आणि जाताना पोर चिमणाबाईच्या ओटीत घातलं. तिचा नवरा फौजेत होता. त्यानं पुढं तिकडंच दुसरं घर केलं. चिमणाबाईच्या अंगावर तेव्हा अक्षता पीत होती. दोघं एकाच दुधावर वाढली.

"मग सांगत का न्हाईत त्या?" क्रांतीनं विचारलं. "अक्षता सुटंल की त्यातनं. शालूचं आणि यांचं रक्ताचं नातंच न्हाय."

"तुमच्यात न्हाय का ही रीत? आमच्या गावात वटीत घेतलेलं प्वार म्हंजी पोटचं. पाच बायकांम्होरं घ्यायचं, आणि त्या दिसापासनं गावानं तोंडाला कुलूप लावायचं. आन् आईनं तर जन्मात 'माझं न्हवं' म्हणायचं न्हाय. एकदा म्हणली की वटी रिती झाली. प्वार परकं झालं." गुंडूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आमरलाबी ठावं आसंल. पर त्याच्याम्होरं कोण बोललंय व्हय कधी?"

तेव्हा क्रांतीला पेच उमगला. पोरीला मोकळं करायचं तर चिमणाबाईनं पोराला नाकारायला हवं होतं, आणि ते नाकारणं आपण बांधलेल्या एका रकान्यासाठी. आई एकच, आणि रिकामी चालणार नाही. एकीचं नाव लिहायचं तर दुसरीचं पुसायचं.

ती डॉक्टरीणबाईंकडं गेली आणि म्हणाली, "मॅडम, आपण बदलून टाकू. सगळं गाव सांगतंय."

"टपरीवरचं ऐकून?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि चुकलं तर? उद्या ती पोरगी माझ्या सहीच्या भरवशावर सासरी जाईल, तिला मुलगा होईल. घरातल्या माणसानं स्वतः सांगितल्याशिवाय मी नोंद बदलणार नाही." त्यांचंही खरं होतं, म्हणून तर क्रांतीला जास्त राग आला. निघताना त्यांनी सुचवलं, "दोन रकाने कर. जन्मदात्री आणि दत्तक."

केले. दोन दिवस तेच काम. पण गुंडूला दाखवल्यावर तो म्हणाला, "दत्तक म्हटलं की कोर्टाचा कागद आला, वाटणी आली. ती म्हणंल, मी कुठं दत्तक घेतलाय? आन् जन्मदात्रीपाशी तर गाडं पुन्ना तितंच. जन्म देणारी तुमी न्हाय का, ह्याला तिचं उत्तर काय? न्हाय. मंग बसा."

क्रांती आपल्या फॉर्मकडं बघत बसली. वीज गेलेली, यूपीएस पिंपिं करत होता, आणि तिला हळूहळू दिसायला लागलं की तिनं जे जे विचारलं होतं त्या सगळ्याचं त्या बाईपाशी एकच उत्तर होतं, आणि तेच नेमकं तिला उच्चारायचं नव्हतं. इतकी वर्षं क्रांतीला वाटायचं, माणसं उत्तरं चुकीची देतात. प्रश्नच असा असू शकतो, की खरं बोलायला गेलं तर माणसाला आपल्या पोराचा हात सोडावा लागेल, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग ज्या प्रश्नाला ती मान वर करून उत्तर देईल असा प्रश्न कुठला?

वीज आल्यावर तिनं 'दत्तक' पुसलं, 'जन्मदात्री' पुसलं. अमरसारख्या मुलांसाठी नवा रकाना पाडला. ओटीत कुणी घेतलं. त्याच्या शेजारी दुसरा. ओटीत कुणी घातलं. रक्ताची वाट या दुसऱ्या रकान्यावरून काढायची, असं प्रोग्रॅमला शिकवलं. पुढं काही वर्षांनी ही सगळी माहिती एका मोठ्या संस्थेच्या यंत्रणेत गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी विचारलं, हा 'ओटी' नावाचा रकाना कसला, काढला तर चालेल का? क्रांतीनं लिहून कळवलं, काढला तर निकाल चुकतील. पुढं स्पष्टीकरण दिलं नाही. तेही तिच्या स्वभावातलंच.

चिमणाबाईला बोलावणं पाठवायचं धाडस मात्र तिला होईना. शेवटी अमरच्याच गुडघ्यानं ते काम केलं. तो सुजला म्हणून मायलेकरं दवाखान्यात आली आणि खालून डॉक्टरीणबाईंनी दोघांना वर पाठवलं. अमर अठरा-एकोणीसचा, ओठावर मिसरूड, एक पाय जपून टाकणारा. तो दाराजवळच्या बाकावर पाय लांब करून बसला. क्रांतीनं त्याला सांगितलं, "खाली जाऊन चहा घेऊन ये की."

"त्याचा पाय सुजलाय. आन् त्याच्या माघारी मी काय बोलायची न्हाय," चिमणाबाई म्हणाली. या खेपेला ती खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर धरून. पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

क्रांती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. मी इचारलं ते इचारायचं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आज एवढंच सांगा. अमरला ओटीत कुणी घेतलं?"

चिमणाबाईनं चमकून वर बघितलं. प्रश्नात कुठं काटा आहे का ते ती शोधत असावी. काटा सापडला नाही. ताठ बसून ती म्हणाली, "मी. दुसरं कोन घेणार?"

"आणि ओटीत घातला कुणी?"

चिमणाबाईनं मागं सुजलेल्या पायाकडं बघितलं. बाकावरचा अमर खिडकीबाहेर बघत होता.

"शालूनं," चिमणाबाई म्हणाली. "माझी जाऊ. तिचं रगत थांबंना. सुईण दमली, डाक्टर येस्तवर येळ झाला. तिच्या भावाचंबी तसंच झालतं म्हणं, ल्हानपणी, दात पडल्याचं निमित्त. तिनं आपल्या हातानं ह्याला माझ्या वटीत घातला. म्हणली, आक्का, तुझा. मी म्हणलं, माझा. पाच बायका हुत्या. त्यातल्या दोघी हायत आजून, इचारा जावा."

क्रांतीनं कीबोर्डवर बोटं ठेवली. तिची बोटं भराभर चालायची, आज एकेक अक्षर शोधायला लागली. अमरसिंह. ओटीत घातलं, शालू. ओटीत घेतलं, चिमणाबाई. तिनं नोंद पुढं सरकवली आणि घराण्याचं पान पुन्हा काढलं. शालूच्या माहेराकडं जाणारी नवी रेघ उमटली. तिथल्या बहिणींना, त्यांच्या मुलींना आता गाठायला हवं होतं, गुंडूच्या राजदूतला निपाणीची वाट धरायची होती. आणि अक्षताच्या नावापुढं काही नव्हतं. नुसतं नाव.

तिनं स्क्रीन वळवून दाखवला. "गेली चांदणी, मावशी. मॅडम आजच सहीचा कागद देतील. हंबीररावांना दाखवा."

चिमणाबाईला अक्षरं कळत नव्हती, तरी ती बराच वेळ बघत राहिली. "आन् माझं नाव? त्याच्याम्होरनं काढलंस?"

"न्हाय. हे बगा, इथं हाय. ते आता कुणालाबी काढता यायचं न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. पण उठेना. लेकीचं लग्न परत मिळालेली बाई, जीव भांड्यात पडायला हवा होता; तर ती पिशवी पोटाशी धरून तशीच बसली. क्रांतीच्या लक्षात आलं, ही दाराकडं बघत नाही. खोलीत आल्यापासून जिची नजर दर घडीला त्या सुजलेल्या पायाकडं जात होती, ती आता भिंतीकडं तोंड करून बसली आहे. एकोणीस वर्षं जे बोलायचं नव्हतं ते पोराच्या देखत बोलून झालं होतं. मागं वळायचं आणि बाकावर कोण बसलंय ते बघायचं, एवढं बळ तिच्या अंगात नव्हतं.

मागं बाक कुरकुरलं. अमर भिंतीला धरून उभा राहिला, पाय टेकवून बघितला, तोंड वाकडं केलं.

"आये, ऊठ की," तो म्हणाला. "गारगोटीची यष्टी भरून जाईल, मग मला काय उभ्यानं न्हेतीस?"

चिमणाबाई उठली. पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं वळली. "जागा मिळंल की, लई घाई तुला," ती त्याच्यावर ओरडली.

दोघं बाहेर पडली. क्रांतीला समोरचा स्क्रीन धूसर दिसत होता, तिनं तो पुसला, तरी धूसरच. जिन्यात पिशवी कुणी धरायची यावरून मायलेकरांचं भांडण लागलेलं तिला वर ऐकू येत राहिलं.